नियम एकच, फटका वेगवेगळा: सोलापुरातल्या एका गणवेश युनिटचं प्रकरण

आधीच सांगतो, ओळख पटेल अशा बारीक गोष्टी बदलल्यात आणि माणसांची नावं घातलेलीच नाहीत. मी त्या युनिटचं पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि मस्टरचं (हजेरीपटाचं) काम बघतो, म्हणजे रोजचा माणूस नाही, पण रजिस्टर माझ्या हाताखालून जातात. शिलाईच्या बायकांत भांडण झालं तेव्हा मालकांनी फोन केला तो "कायद्यात काय करता येतं बघा" एवढ्यासाठीच. कायद्याचं काम थोडंच निघालं, बाकीचं जे निघालं ते लिहितोय.

पार्श्वभूमी

युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, काम शाळेच्या गणवेशाचं. शर्ट, हाफ पँट, पिनो (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), सलवार-कमीज. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, जीआय (भौगोलिक मानांकन) पण चादरीला आणि टॉवेलला मिळालाय, पण मागच्या काही वर्षांत पूर्व भागातल्या कितीतरी घरांत यंत्रमाग गेले आणि शिलाई मशीन आल्या. या मालकांच्या घरी पण तेच झालं. वडलांचे माग होते, त्यांना पुढे मोठे मालक म्हणतो. पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) घर, घरात तेलुगू, मागावर तेलुगू, बँकेत मराठी, सूतवाल्याशी हिंदी. मुलगा, म्हणजे आताचा मालक, पुण्यात शिकून आला आणि माग काढून गारमेंट टाकलं.

कामाला साधारण सत्तर बायका आणि कटिंगला सात-आठ पुरुष. तीन लायनी. पहिल्या लायनीत बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी सासू किंवा आई अजून विड्या वळते. दुसऱ्या लायनीत उर्दू-दखनी बोलणाऱ्या. तिसरीत मराठी, त्यात जास्त करून आंबेडकरी वस्त्यांमधल्या, आणि दोन-चार कानडी अक्कलकोटकडच्या. अशी वाटणी कोणी ठरवून केली नव्हती, एकीने बहिणीला आणलं, बहिणीने जावेला आणलं, शेजारी शेजारी मशीन मिळाल्या, झाल्या लायनी. प्रत्येक लायनीत एक मोठी बाई असते जिचं बाकीच्या ऐकतात. पहिलीत अक्का, दुसरीत आपा, तिसरीत मावशी. पुढे तसंच म्हणतो.

पैसे पीस रेटवर. शर्टात सगळ्यात चांगला रेट कॉलर-कफचा, मग खिसा आणि खांदा, आणि सगळ्यात कमी साइड शिलाई आणि खालची घडी. कॉलरचं काम दिवसभर मिळालं तर साइड शिलाईवालीच्या दीडपट सुटतात. धागा कापणाऱ्या, प्रेसला कापड देणाऱ्या हेल्पर बायका रोजंदारीवर, त्या सगळ्यात खाली. शनिवारी हप्ता.

मोठ्या मालकांच्या वेळची एक पद्धत गारमेंटमध्ये पण चालत आली होती, ती म्हणजे उचल. गड्ड्याच्या यात्रेला (सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा) कोणी उचल घ्यायचं, रमजान ईदीला आपाची लाइन, १४ एप्रिलला मावशीची लाइन, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो तेव्हा अक्काची लाइन. मोठे मालक लाल वहीत लिहायचे आणि हप्त्यातून थोडे थोडे कापायचे. व्याज नाही. सुट्टीचं पण तसंच, ज्याचा सण तो घरी, बाकीचे ओढून नेणार. कागदावर काहीच नाही, सगळं त्या वहीत आणि त्यांच्या डोक्यात. मोठे मालक काही संत नव्हते, रेट वाढवायचा म्हटलं की तेच पहिले बहिरे व्हायचे, पण कोणाला कधी पैसे लागतात हे त्यांना पाठ होतं.

नवीन पॉलिसी

जानेवारी २०२४ ला मुलाने सगळं सिस्टिममध्ये आणायचं ठरवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, बाहेरचा मोठा ग्राहक ऑडिट करतो, त्याला कागद लागतो, लाल वही दाखवून चालत नाही. पाच-सहा नियम टाइप करून दरवाजाला लावले. उचल बंद, जे काय द्यायचं ते दिवाळीला बोनसबरोबर (बोनस तसाही १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के, तो चालूच होता). महिनाभर खाडा नाही तर हजेरी बक्षीस, एक खाडा किंवा तीन लेट झाले की बक्षीस गेलं. सीझनमध्ये आठवड्याला एकच सुट्टी, ती कंपनी ठरवेल. सगळ्यांना एकाच रंगाचा एप्रन. आणि फ्लोअरवर फक्त मराठी किंवा हिंदी बोलायचं, नाहीतर वीस रुपये दंड.

शेवटचा नियम सुपरवायझर मॅडमच्या सांगण्यावरून आला. त्या बाहेरून आलेल्या, त्यांना तेलुगू कळत नाही आणि आपल्याविषयीच बोलतात असं त्यांना वाटायचं. आता गंमत बघा, नियम करणारा मालक स्वतः तेलुगू, घरी आईशी तेलुगूच बोलतो, आणि त्यानेच तेलुगूवर दंड लावला. मी विचारलं तर म्हणाला, "सर, माझेच लोक आहेत म्हणून सूट दिली असं कोणी म्हणायला नको." त्याच्या डोक्यात समानता म्हणजे सगळ्यांना एकच नियम, आणि तो हे अगदी मनापासून बोलत होता.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट झाली जिचा या युनिटशी थेट संबंध. २०२४-२५ साठी सरकारने 'एक राज्य एक गणवेश' आणलं. सरकारी शाळांचं कापड वरून येणार आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे जाणार. या युनिटला गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांकडून बऱ्यापैकी काम यायचं, ते त्या सीझनला आलंच नाही. खासगी शाळांचं राहिलं. म्हणजे बायका तेवढ्याच आणि बंडल (शिवायला दिलेले कापलेल्या कापडाचे गठ्ठे) कमी. बंडल भरपूर असतात तेव्हा कोणाला कोणतं मिळालं हे कोणी बघत नाही. कमी झाले की प्रत्येकीची नजर दुसरीच्या टेबलावर जाते.

काय झालं

२०२४ चा एप्रिल आठवा. ९ ला मंगळवारी पाडवा आणि उगादी, ११ ला गुरुवारी ईद, १४ ला रविवारी आंबेडकर जयंती. सगळं एकाच आठवड्यात, ते पण सीझनच्या ऐन मध्यावर, वर पत्रा तापलेला, आणि ७ मे ला लोकसभेचं मतदान म्हणून गावात भोंगे चालू. मालकाने नियमाप्रमाणे एक सुट्टी दिली, पाडव्याची, कारण "पाडवा मराठी आणि तेलुगू दोघांचा आहे, जास्तीत जास्त लोक कव्हर होतात". ईदीला काम चालू, जो येईल त्याला जादा पैसे. रविवारी पण काम चालू, कारण सीझनला रविवार धरतच नाहीत.

ईदीला दुसरी लाइन आली नाही, येणार पण नव्हती. शुक्रवारी सकाळी आल्या तर मशीनवर एकच बंडल, साइड शिलाईचं. खांद्याचे बंडल आदल्या दिवशी पहिल्या लायनीला गेलेले. आणि बोर्डावर नावांपुढे लाल खूण, म्हणजे महिन्याचं हजेरी बक्षीस गेलं. आपा मॅडमकडे गेल्या, मॅडम म्हणाल्या नियम सगळ्यांना सारखा आहे. तेवढ्यात पहिल्या लायनीतून अक्का शेजारणीला तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि दोघी-तिघी हसल्या. काय बोलल्या ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही, अक्का म्हणतात डब्याविषयी बोलत होते. आपा वळल्या आणि म्हणाल्या, "हसायलेत काय, तुमचं घरचं राज्य हाय म्हणून?" अक्का पण गप्प बसणारी बाई नाही. शब्दाने शब्द वाढला, बंडल फेकलं गेलं, ते तिसऱ्या लायनीतल्या एका पोरीच्या कात्रीवर पडलं आणि कात्री पायावर. जखम लहानच, पण रक्त दिसलं. त्याच लायनीतल्या एका पोरीने मोबाईलवर शूट केलं आणि स्टेटसला टाकलं.

संध्याकाळपर्यंत गेटवर दोन टोळकी. एक एका मंडळाची पोरं, एक दुसऱ्या मोहल्ल्यातली. यातल्या कोणाचा गारमेंटशी संबंध नाही, त्यांना कॉलर-कफ माहीत नाही. व्हिडिओत त्यांना दोन धर्माच्या बायका भांडताना दिसल्या, बास. निवडणुकीच्या दिवसात असल्या गोष्टीला वाली लगेच मिळतो, एका पक्षाचा आणि दुसऱ्या पक्षाचा असे दोघांचे कार्यकर्ते अर्ध्या तासात हजर.

पहिला निर्णय: गेटवर कोणी जायचं

मालक पोलिसांना फोन लावत होता. पोलीस बोलवायला हरकत नव्हतीच, पण तक्रार कोणावर आणि कशाची द्यायची हा प्रश्न होता. दोन बायकांवर दिली तर दोन्ही टोळक्यांना आपापली हुतात्मा मिळाली असती. मॅडम म्हणत होत्या मी जाऊन समजावते, ते तर अजूनच अवघड झालं असतं.

शेवटी मोठे मालक घरून आले. त्यांनी काही भारी केलं नाही. गेटच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या, अक्का, आपा आणि मावशी तिघींना बसवलं आणि चहा मागवला. बाहेरच्या पोरांना दिसत होतं की ज्या दोघींसाठी आपण आलोय त्या तर बसून चहा पितायत. मावशींनी मग बाहेरच्या पोरांना जे सुनावलं ते छापता येणार नाही, त्यातलं सभ्य वाक्य एवढंच होतं की "घरी जावा बे, तुमच्या आयांनी पाणी भरायला बोलावलंय." अर्ध्या-पाऊण तासात गर्दी पांगली. मधे गस्तीची गाडी येऊन उभी राहिली होती, तिचा पण उपयोग झाला हे मान्य करायला पाहिजे.

इथे एक सांगतो, त्या चहाने भांडण मिटलं नाही. आत तिघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. फक्त बाहेरच्यांना बाहेर ठेवता आलं.

समोरचे पर्याय

शनिवारी सकाळी मालक, मोठे मालक, मॅडम आणि मी बसलो. मॅडमचं म्हणणं दोघींना काढून टाका, म्हणजे बाकीच्या सरळ होतील. तोट्याचं काम, अक्कामागे निम्मी लाइन गेली असती आणि आपामागे उरलेली, सीझन बुडाला असता. शिवाय भांडण त्या दोघींमुळे झालं असं धरून चालणं मला पटत नव्हतं.

दुसरा पर्याय लायनी वेगळ्या शिफ्टला ठेवायच्या, म्हणजे तोंड बघायला नको. हा मालकाला आवडला होता. मी विरोध केला कारण एकदा तेलुगू शिफ्ट आणि मुसलमान शिफ्ट अशी नावं पडली की ती निघत नाहीत, आणि मग रेटचं भांडण कायमचं जातीधर्माचं होऊन बसतं.

तिसरा पर्याय एकोप्याचा कार्यक्रम. हा मालकाने माझं न ऐकता सोमवारी करून टाकला. सगळ्यांना उभं करून भाषण, की आपलं सोलापूर म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांचं सोलापूर, चौघं वेगवेगळ्या समाजाचे आणि १२ जानेवारी १९३१ ला एकत्र फासावर गेले, आणि आपण बंडलासाठी भांडतोय. भाषण चांगलं होतं, मला स्वतःला अंगावर काटा आला. पण बायकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मग लाल खूण पुसणार का?" तो प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर भाषणात नव्हतं.

चौथा पर्याय माझा, म्हणजे आधी बंडलाच्या चिठ्ठ्या आणि दंडाचं रजिस्टर काढून बघू की कोणाला नक्की काय लागलंय. मालक तयार नव्हता. रेट आणि कोणाला किती काम हे बाहेर गेलं तर शेजारचं युनिट त्याच्या बायका फोडेल ही त्याची भीती, आणि ती खोटी नव्हती. मी म्हटलं बाहेर नको, आधी आपण तर बघू.

रजिस्टरात काय निघालं

फेब्रुवारी-मार्चच्या चिठ्ठ्या गोणीत भरून ठेवल्या होत्या. सगळ्यात आधी दंडाचं बघितलं कारण ते सोपं. जेवढे दंड झाले ते सगळेच्या सगळे पहिल्या लायनीला. कारण उघड आहे, दखनी बोललं तर मॅडमला ती हिंदीच वाटते, मराठी चालतेच, कानडी बायका चारच आणि त्या आधीच गप्प. नियम सगळ्यांसाठी लिहिलेला, बसला एकाच लायनीला. आणि हे कायद्यात पण बसत नव्हतं. वेतन अदायगीच्या १९३६ च्या कायद्याप्रमाणे, जो तेव्हा लागू होता, दंड कशाकशासाठी ते आधी मंजूर करून नोटीस लावावी लागते, बाईचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता येत नाही, आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरावा लागतो. इथे तो चहापाण्याच्या डब्यात जात होता.

हजेरी बक्षीस कोणाचं गेलं ते बघितलं तर ईदीच्या आधीपासूनच दुसरी लाइन पुढे, रमजानमध्ये लवकर घरी गेल्याचे अर्धे खाडे लागलेले. पण तिसऱ्या लायनीचं पण जवळपास तेवढंच गेलेलं, आणि त्यांचं कारण खाडे नव्हतं, लेट होतं. हे लेट मला आधी कळेना. मग तारखा लावल्या तर दर चार-पाच दिवसांनी एकाच भागातल्या सगळ्या बायका एकदम लेट.

मी मावशींना विचारलं, तर त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की हा माणूस सोलापूरचा आहे का कुठला. पाण्याचा दिवस. नळ तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचा, त्यांच्या भागात सकाळी यायचा, आणि त्या दिवशी पाणी भरल्याशिवाय बाई घराबाहेर पडूच शकायची नाही, कारण चुकलं तर पुढचे चार दिवस टँकर नाहीतर शेजार. आता पहिल्या लायनीतल्या बायकांना पण नळ रोज येत नव्हता, मग त्या कशा वेळेवर? दोन कारणं निघाली. एक म्हणजे घरी विड्या वळणारी सासू असते, ती बसल्या जागेवरून उठून बॅरल भरते. दुसरं म्हणजे कंपनीचा टेम्पो. मोठ्या मालकांनी मागाच्या काळात त्यांच्या वस्तीवरून लावलेला रूट, तोच चालू. टेम्पो नऊला पाच कमी असताना गेटात. दुसऱ्या आणि तिसऱ्या लायनीच्या बायका शेअर रिक्षाने येतात, ती भरल्याशिवाय सुटत नाही.

आणि इथे गाठ सुटली. कटिंग मास्टर नऊ वाजता बंडल टेबलावर टाकतो, जी आधी येईल ती उचलते. कॉलर-कफ आधी संपतं. म्हणजे कोणी मुद्दाम तेलुगू लायनीला चांगलं काम देत नव्हतं, मॅडम तर त्यांच्यावर खार खाऊन होत्या. पण चिठ्ठ्यांत कॉलरची निम्म्याहून बरीच जास्त बंडलं पहिल्या लायनीला, हे आकड्यात दिसत होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या लायनीला ते रोज डोळ्यांनी दिसत होतं. मालक तेलुगू, लाइन तेलुगू, कॉलर तेलुगू, दोन अधिक दोन कोणीही करेल.

पहिल्या लायनीला मात्र आपण खातोय असं वाटतच नव्हतं. त्यांना दिसत होता वीस रुपयांचा दंड, आणि आपल्याच माणसाने आपल्या बोलण्यावर लावलेला. अक्का मला म्हणाल्या, "मोठे मालक असते तर तोंडाला कुलूप लावायची हिंमत झाली असती का? बाकीच्यांना बोलायला मोकळीक, आम्हालाच दंड." म्हणजे तिन्ही लायनींना मनापासून वाटत होतं की नियम फक्त आपल्यालाच मारतोय आणि दुसरीचे लाड चालू आहेत. तिन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या हे सगळ्यात वाईट.

काय केलं

दंड पुढच्या शनिवारी परत दिला, ज्याचा त्याला, हप्त्याबरोबर. भाषेचा नियम काढला. मॅडमची अडचण खरी होती, तिच्यासाठी कॉलरचा पॉइंट, शिलाईची रुंदी, काजाची जागा असे नमुने फळ्यावर टाचून लावले, म्हणजे क्वालिटीचं बोलायला भाषा कमी लागते.

बंडल वाटायची वेळ नऊवरून सव्वादहा केली, तोपर्यंत आदल्या दिवशीचं उरलेलं पुरं करायचं. कॉलर-कफ दोन भागात, अर्धं सकाळी अर्धं जेवणानंतर, आणि लायनीची पाळी लावली. पाण्याच्या दिवसाचा लेट धरायचा नाही, त्या बदल्यात संध्याकाळी तेवढा वेळ. यावर मालक म्हणाला उद्या सगळ्याच म्हणतील आज पाणी आहे. मावशी म्हणाल्या पाण्याला लपवता येतं का, गल्लीत कोणालाही फोन करा.

सुट्टीसाठी एक तयार वाट होती. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि बाकीच्या चार वर्ष सुरू व्हायच्या आधी मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. हे युनिट कारखान्यात मोडतं, तो कायदा इथे लागू नाही, पण पद्धत उचलायला कोण अडवतंय. फक्त एक बदल केला, बाकीच्या चार सुट्ट्या प्रत्येकीने स्वतःच्या निवडायच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यायच्या. त्या दिवसांचा खाडा लागत नाही. त्या वर्षापुरतं ईद आणि १४ एप्रिल धरून लाल खुणा पुसल्या.

उचल परत सुरू केली, पण मर्यादा घालून आणि पावती देऊन, ऑडिटला दाखवता येईल अशी.

आणि तक्रार समिती. वीस किंवा जास्त कामगार असले की औद्योगिक विवाद कायद्यात ती तेव्हाही लागायचीच, जास्तीत जास्त सहा जण, अर्धे मालकाकडचे अर्धे कामगारांचे, अध्यक्षपद आळीपाळीने. इथे ती कागदावर होती, सह्या माझ्या फाइलमध्ये होत्या आणि त्या सह्या करणाऱ्यांना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. अक्का, आपा, मावशी तिघी घेतल्या.

एक गोष्ट करून बघितली आणि मागे घेतली. मालकाला वाटलं लायनी मिसळून टाकू, म्हणजे गट राहणारच नाहीत. पंधरवड्यात माल खाली आला. बायका शेजारणीकडून बॉबिन घेतात, सुई तुटली तर तिची वापरतात, पोराचा फोन आला तर ती दोन पीस ओढते, हे सगळं ओळखीवर चालतं. ओळख तोडली तर प्रत्येक जण एकटी. लायनी होत्या तशा केल्या, फक्त पाण्याच्या माठाजवळ आणि जेवायला जागा एकत्र ठेवली. जेवायला तरी अजून गोलाकार तीनच बसतात.

काय निघालं

सगळं गोड झालं असं नाही. कॉलरची पाळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे रिजेक्शन वाढलं, ज्यांचा हात कॉलरवर नव्हता त्यांचे पॉइंट वाकडे यायचे. पहिल्या लायनीतल्या ज्या बायका कॉलरवर चांगलं कमवत होत्या त्यांचा हप्ता सरळ खाली आला, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यातल्या दोघी सोडून गेल्या. वाटणी नीट करायची म्हणजे कोणाच्या तरी ताटातलं काढायचं, याची तयारी मालकाने आधी केलीच नव्हती, खरं तर त्यांना काही महिने फरक भरून द्यायला हवा होता.

आपा जुलैमध्ये दुसऱ्या युनिटला गेल्या, बरोबर पाच-सहा जणी. त्या म्हणतात रेट जास्त मिळाला म्हणून गेले, मला ते अर्धंच पटतं. अक्कांशी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत कामापुरतंच राहिलं. व्हिडिओ काढणाऱ्या पोरीला मॅडमने दोन आठवडे घरी बसवलं होतं, समिती बसायच्या आत. समितीसमोर आलं असतं तर मावशींनी ते होऊ दिलं नसतं असं मला वाटतं.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. पहिली लाइन पूर्ण सुट्टीवर, टेम्पो रिकामा, बाकीच्या दोन लायनींनी दिवस ओढला आणि कॉलरचं सगळं काम त्या दिवशी त्यांनीच केलं. कुरकुर झाली नाही. उचल घेऊन सोडून गेलेल्या दोन-तीन निघाल्या, ते पैसे बुडाले, मालक अजून ते ऐकवतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने गणवेशाचा निर्णय फिरवला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं, पुढच्या सीझनला बंडल वाढले. आता २०२५ चा एप्रिल शांत गेला तो आमच्या पाळीमुळे का बंडल भरपूर होते म्हणून, हे मला सांगता येत नाही. मालक म्हणतो पाळीमुळे. मला बंडलांवर जास्त संशय आहे, खरी परीक्षा पुढच्या मंदीला.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत नियम टाइप करायच्या आधी मोठ्या मालकांची लाल वही नुसती वाचली असती तरी पुष्कळ कळलं असतं. कोण कोणत्या महिन्यात उचल घेतं, कशासाठी, किती दिवसांत फेडतं, सगळं त्यात होतं. मुलाने ती जुनाट म्हणून कपाटात टाकली. ऑडिटवाल्याला पण कुठे हवं होतं की सगळ्यांचा सण एकच असावा, त्याला पावती हवी होती. पावती आणि एकसारखेपणा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच झटक्यात आणल्या, आणि दुसरीची गरज कोणालाच नव्हती.

ईदीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, एक साधा निर्णय घेता आला असता, की गुरुवारी खांद्याचे बंडल पूर्ण वाटू नका, निम्मे राखून ठेवा. कटिंग मास्टर मला म्हणाला त्याच्या मनात आलं होतं, पण सांगायचं कोणाला, नियमात राखून ठेवणं नव्हतं.

टेम्पोचा रूट मात्र अजून तोच आहे. समितीत दोनदा विषय निघाला, दुसरा टेम्पो परवडत नाही म्हणून बाजूला गेला. रूट आलटून पालटून लावायची सूचना मावशींनी दिली होती, अक्कांनी ती मान्य केली नाही, आणि समितीत दोघी असल्याने मालकाला गप्प बसायला बरं पडलं.

आणि हेल्पर बायका. धागा कापणाऱ्या दहा-बारा जणी, तिन्ही लायनींच्या मागे जमिनीवर बसतात, कोणत्याच लायनीच्या नाहीत. त्यांना पीस रेट नाही, कॉलर नाही, हजेरी बक्षीसाची रक्कम पण अर्धी. एवढ्या सगळ्या गडबडीत त्यांच्याकडे कोणी वळून बघितलं नाही, समितीत त्यांची एकही नाही, आणि त्या भांडल्या पण नाहीत म्हणून त्यांचं काही निघालंच नाही. मागच्या महिन्यात त्यांनी मावशींच्या हातून एक अर्ज दिलाय, रोजंदारी वाढवा आणि बसायला स्टूल द्या. समितीपुढे आहे. अध्यक्षपद सध्या मालकाकडे आहे.